घरात पाच कुत्री आणि एकच पगार: ड्राय फूडचा हिशोब कसा मांडायचा

आजचा भाग आकड्यांचा आहे. ऐकताना आकडे कानावरून निघून जातात, म्हणून दरवेळसारखं इथे सगळं लिहून ठेवतोय. बसमध्ये असाल तर नुसतं वाचा, घरी असाल तर मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडून आणि घरातलं पाकीट समोर ठेवून वाचा.

विषय एका श्रोतीच्या व्हॉइस मेसेजवरून आला. ती इचलकरंजीची आहे. घरी आई आणि ती, आणि गल्लीतून एकेक करत घरात आलेली पाच गावठी कुत्री. पगार बावीस हजार. कुत्र्यांच्या दाण्यांवर महिन्याला साडेअकरा हजारांच्या वर जातात. आईचं म्हणणं, दोन कुत्री कुणाला तरी देऊन टाक. हिचा प्रश्न असा: "दादा, स्वस्तातलं पण चांगलं ड्राय फूड कोणतं ते सांगा ना, म्हणजे कुणाला द्यावं लागणार नाही."

मी तिला कंपनीचं नाव सांगितलं नाही. कारण नाव सांगून प्रश्न सुटत नाही. एकच कंपनी तीन-चार किमतींचं खाद्य विकते. पेडिग्री, चॅपी आणि रॉयल कॅनिन ही तिन्ही नावं मार्स या एकाच कंपनीची आहेत. किमती बदलतात, घटक बदलतात. न बदलणारी गोष्ट म्हणजे पाकीट वाचायची पद्धत. ती आली की कुठल्याही दुकानात, कुठल्याही ॲपवर तुमचं तुम्हाला ठरवता येतं.

आधी हे दाणे असतात तरी काय?

कुत्र्यांसाठी कारखान्यात खाद्य बनवायची सुरुवात 1860 च्या सुमारास लंडनमध्ये झाली. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. आज आपण जे फुगलेले दाणे बघतो ते मात्र 1957 मधले, प्युरिना डॉग चाऊचे. त्यात वापरलेल्या तंत्राला एक्स्ट्रूजन म्हणतात. पीठ, मांसाची पूड आणि पाणी एकत्र करून दाबाखाली, उष्णतेत शिजवायचं आणि बारीक भोकातून बाहेर ढकलायचं. बाहेर आलं की दाब सुटतो आणि दाणा फुगतो. आपले मक्याचे कुरकुरीत पॅकेटमधले स्नॅक्स याच कुळातले.

हे सांगायचं कारण असं की दाणा फुगायला आणि टिकायला पिष्ट लागतं. म्हणून ड्राय फूडमध्ये तांदूळ, मका, गहू किंवा बटाटा-वाटाणा असं काहीतरी असतंच. "धान्य आहे म्हणजे खाद्य वाईट" असं नाही. 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी लांडगे आणि कुत्रे यांच्या जनुकांची तुलना 'नेचर'मध्ये छापली होती. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त सापडल्या. माणसाच्या उकिरड्यावर आणि उष्ट्यावर हजारो वर्षं जगलेला प्राणी आहे तो! उलट 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने धान्य नसलेलं खाद्य आणि कुत्र्यांचा एक हृदयविकार यांचा काही संबंध आहे का, याची चौकशी सुरू केली. त्यातून ठाम निष्कर्ष निघालेला नाही, पण बजेट कमी असताना "ग्रेन फ्री" या दोन शब्दांसाठी जास्त पैसे मोजायचं काही कारण नाही. पहिली बचत इथेच झाली.

पाकिटाची मागची बाजू

पुढच्या बाजूला हसरा लॅब्राडोर असतो. तो विसरा. पाकीट उलटं करा. चार आकडे शोधा: क्रूड प्रोटीन, क्रूड फॅट, क्रूड फायबर आणि मॉइश्चर. पहिले दोन "किमान" असतात, शेवटचे दोन "कमाल".

अमेरिकेत आफको नावाची संघटना पशुखाद्याचे निकष ठरवते. त्यांच्या हिशोबाने मोठ्या कुत्र्याच्या खाद्यात पाणी वगळून किमान 18 टक्के प्रोटीन आणि 5.5 टक्के फॅट हवं. पिल्लांना आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीला 22.5 टक्के प्रोटीन आणि 8.5 टक्के फॅट. युरोपात फेडियाफ नावाच्या संघटनेचे असेच निकष आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांवर यातल्या एकाचा उल्लेख असतो. पाकिटावर "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" आणि कोणत्या वयासाठी हे लिहिलेलं असेल तर ते मुख्य जेवण. "कॉम्प्लिमेंटरी" किंवा "ट्रीट" लिहिलं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नाही. कितीही स्वस्त मिळालं तरी त्यावर कुत्रं पोसायचं नाही.

आता हा "क्रूड" शब्द. प्रयोगशाळेत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. म्हणजे प्रोटीन चांगलं की वाईट, पचणारं की न पचणारं, हे तो आकडा सांगत नाही. 2007 मध्ये उत्तर अमेरिकेत याचाच फायदा कुणीतरी घेतला होता. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलं होतं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे कागदावर प्रोटीन वाढलं. प्रत्यक्षात कुत्र्या-मांजरांच्या किडन्या निकामी झाल्या आणि बाजारातून मोठ्या प्रमाणावर माल परत घ्यावा लागला.

म्हणून आकड्याच्या जोडीला घटकांची यादी वाचायची. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीन-चार नावांत प्राण्यापासून आलेलं प्रोटीन दिसायला हवं: चिकन, चिकन मील, फिश मील, अंडं. "मील" म्हणजे पाणी आणि चरबी काढलेली पूड. लोक नाक मुरडतात, पण ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. त्यामुळे "फ्रेश चिकन" पहिलं असलं तरी शिजून वाळल्यावर त्याचं वजन बरंच घटतं. दुसऱ्या नंबरचं चिकन मील खरं काम करत असतं.

किलोचा भाव फसवतो

आता मुख्य गोष्ट. दुकानात आपण विचारतो, "किलोला कितीला?" पण कुत्र्याचं पोट किलोवर भरत नाही, कॅलरीवर भरतं. त्यामुळे खरा भाव काढायचा तो हजार कॅलरींचा.

काही पाकिटांवर किलोमागे किती कॅलरी हे छापलेलं असतं. नसेल तर असं करा:

- प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर आणि ॲश यांची बेरीज 100 मधून वजा करा. उरले ते कार्बोहायड्रेट. ॲश लिहिलेलं नसेल तर 8 धरा.
- प्रोटीन गुणिले 3.5, फॅट गुणिले 8.5, कार्बोहायड्रेट गुणिले 3.5. तिन्हींची बेरीज म्हणजे 100 ग्रॅममधल्या कॅलरी.

उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या पाकिटाचे नाहीत.

पहिलं पाकीट: किलोला 170 रुपये. प्रोटीन 18, फॅट 6, फायबर 6, मॉइश्चर 12, ॲश 10. कार्बोहायड्रेट उरले 48. कॅलरी 63 अधिक 51 अधिक 168, म्हणजे 100 ग्रॅमला 282.

दुसरं पाकीट: किलोला 200 रुपये. प्रोटीन 24, फॅट 12, फायबर 4, मॉइश्चर 10, ॲश 8. कार्बोहायड्रेट 42. कॅलरी 84 अधिक 102 अधिक 147, म्हणजे 333.

पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 850 कॅलरी लागतात असं धरा. पहिलं पाकीट 301 ग्रॅम द्यावं लागेल, खर्च 51 रुपये. दुसरं 255 ग्रॅम पुरेल, खर्च तेवढाच, 51 रुपये! किलोमागे तीस रुपयांचा फरक गायब झाला. वर पहिल्यातून रोज 54 ग्रॅम प्रोटीन मिळतं, दुसऱ्यातून 61. शिवाय कमी दाणे पोटात गेले की सहसा शीही कमी. पाच कुत्र्यांची शी रोज उचलणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

याचा अर्थ महाग ते चांगलं असा नाही. साडेचारशे-पाचशे रुपये किलोवाल्या पाकिटाचा हाच हिशोब करा. कॅलरी फार तर पाऊणचारशे-चारशेच्या घरात जातात, भाव मात्र दुप्पट-अडीचपट. निरोगी गावठी कुत्र्याला त्याची गरज नसते. मधल्या किमतीतलं, 22 ते 26 टक्के प्रोटीन आणि 10 ते 14 टक्के फॅट असलेलं खाद्य बहुतेक घरांना परवडतं आणि पुरतं.

कुत्र्याला नेमकं किती लागतं?

पशुवैद्यक वापरतात ते सूत्र असं: वजन किलोमध्ये, त्याचा 0.75 घात, गुणिले 70. ही आरामात पडून असतानाची गरज. नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी त्याला 1.6 ने गुणायचं. नसबंदी नसेल तर 1.8.

घात कसा काढायचा? मोबाईलवर सोपी युक्ती आहे. वजनाला वजनाने दोनदा गुणा, मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा. 15 गुणिले 15 गुणिले 15 म्हणजे 3375. वर्गमूळ 58.09. पुन्हा वर्गमूळ 7.62. गुणिले 70 म्हणजे 533. गुणिले 1.6 म्हणजे 853. झालं!

याच रीतीने दहा किलोच्या कुत्र्याला 630 आणि वीस किलोच्या कुत्र्याला 1059 कॅलरी. गंमत बघा, वजन दुप्पट झालं तरी जेवण दुप्पट होत नाही. पाकिटावरचा तक्ता बरेचदा यापेक्षा जास्त सांगतो, त्यामुळे तो डोळे मिटून पाळू नका. आपला आकडाही फक्त सुरुवातीचा. दोन-तीन आठवड्यांनी कुत्र्याच्या फासळ्यांवरून हात फिरवा. आपला पंजा उघडा धरून मागच्या बाजूने बोटांच्या हाडांवर हात फिरवल्यावर जसं लागतं तसं लागलं तर बरोबर. मूठ वळल्यावर जशी हाडं टोचतात तसं लागलं तर कुत्रं बारीक. तळव्यासारखं मऊ लागलं तर जास्त होतंय.

आणि जास्त खायला घालणं म्हणजे लाड नव्हेत. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्युरिनाच्या अभ्यासात 48 लॅब्राडोर आयुष्यभर पाहिले होते. ज्यांना जोडीदारापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं दिलं, ती कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. म्हणजे मोजून घालण्यात पैसे वाचतात आणि कुत्र्याचं आयुष्यही वाढतं. यापेक्षा चांगला सौदा नाही.

आता इचलकरंजीचा हिशोब

तिच्याकडे तीन कुत्री पंधरा किलोची, एक वीसचं, एक दहाचं. सगळ्यांची नसबंदी झालेली. एकूण गरज दिवसाला साधारण 4250 कॅलरी. ती मगाने अंदाजे घालायची, रोज दीड किलो. शिवाय तीन-तीन किलोची पाकिटं घ्यायची, किलोला 260 पडायचे. महिन्याला 45 किलो, 11,700 रुपये.

पहिली पायरी, वजनकाटा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा तीन-चारशेत मिळतो. तिचं खाद्य वरच्या दुसऱ्या पाकिटाच्या जवळपासचं होतं. मोजून घातलं तर रोज पावणेतेराशे ग्रॅम पुरतं. महिन्याला 38 किलो. खर्च 10,000 च्या आत आला.

दुसरी पायरी, मोठी गोणी. तेच खाद्य वीस किलोच्या गोणीत तिला किलोला 200 ने मिळालं. खर्च साधारण 7,650. एकट्या कुत्र्यासाठी वीस किलोची गोणी घेऊ नये, कारण उघडल्यावर फॅट खवट होत जातं. पाच कुत्र्यांत ती पंधरा-सोळा दिवसांत संपते.

तिसरी पायरी, थोडा घरचा भात. इथे सांभाळून ऐका. तयार खाद्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं मापात घातलेली असतात. त्यात भात मिसळत गेलात की सगळंच पातळ होत जातं. म्हणून डॉक्टर बाहेरचं खाणं साधारण दहा टक्के कॅलरींपर्यंत ठेवा म्हणतात. मी तिला चांगल्या प्रोटीनच्या खाद्यावर, फक्त मोठ्या आणि निरोगी कुत्र्यांसाठी, पाव हिस्स्याचा हिशोब करून दिला आणि तो आधी तिच्या पशुवैद्यांना दाखवायला सांगितला. पंधरा किलोच्या कुत्र्याला 255 ऐवजी 190 ग्रॅम दाणे आणि 60 ग्रॅम तांदळाचा भात, बिनमिठाचा. प्रोटीन तरीही 50 ग्रॅमच्या आसपास राहतं, किमान गरज 38 ची. 18 टक्के प्रोटीनच्या खाद्यात हे करू नका. तिथे आधीच फारसं शिल्लक नसतं, आणि अर्धा-अर्धा भात केलात तर प्रोटीन किमानच्या खाली जातं.

पाचही कुत्र्यांचे मिळून दाण्यांचे 5,740 आणि तांदळाचे 410, एकूण 6,150 रुपये. साडेअकरा हजारांवरून सव्वासहा हजारांच्या आत. खाद्य तेच, कुत्री पाचच. आईला आकडे दाखवलेत म्हणाली, पुढचं त्या दोघींचं चाललंय.

एकापेक्षा जास्त कुत्री असतील तर

माझ्याकडे तीन आहेत, त्यामुळे हे अनुभवाचं. एकाच परातीत सगळ्यांना घालू नका. हावरं कुत्रं दुसऱ्याचं खातं, एक फुगतं आणि एक वाळतं, आणि आपल्याला वाटतं खाद्यच खराब आहे. प्रत्येकाचं भांडं वेगळं, जागा वेगळी, वेळ पंधरा मिनिटं. उरलं तर उचलायचं.

घरात पिल्लू आणि मोठी कुत्री दोन्ही असतील तर "ऑल लाइफ स्टेजेस" लिहिलेली एकच गोणी चालते, फक्त मोठ्यांचं माप आटोक्यात ठेवा. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा थोराड जातीच्या पिल्लांना मात्र त्यांच्यासाठीचंच खाद्य, कारण जास्त कॅल्शियमने त्यांची हाडं बिघडतात. घरचा भात पिल्लांना, गाभण कुत्रीला आणि आजारी कुत्र्याला परस्पर सुरू करू नका.

खाद्य बदलताना आठवडा घ्या. दोन दिवस पाव हिस्सा नवीन, दोन दिवस अर्धा, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. एकदम बदललंत की जुलाब, आणि डॉक्टरांची फी बचतीपेक्षा जास्त. जंताचं औषध वेळेवर द्या, नाहीतर तुम्ही जंतांना पोसताय.

हे करू नका

- सुटे दाणे घेऊ नका. काही दुकानांत गोणी फोडून किलोवर विकतात. तारीख नाही, यादी नाही, गोणी कधी उघडली ते माहीत नाही.
- दाणे मूळ पिशवीतच ठेवा आणि पिशवी डब्यात. तारीख आणि बॅच नंबर हाताशी राहतो. पावसाळ्यात दमट दाण्यांवर बुरशी येते. खवट किंवा कुबट वास आला तर माया न करता फेका.
- ग्लुकोज बिस्किटावर कुत्रं पोसू नका. साखर आणि मैदा, बाकी फारसं काही नाही.
- दूध-पोळी हे पूर्ण जेवण नाही. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही.
- सुकट-बोंबील देणार असाल तर चांगलं धुऊन आणि चिमूटभर. मीठ फार असतं.
- कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं काहीही नाही. फोडणीचा भात म्हणूनच नको, त्यात कांदा-लसूण असतोच.
- शिजवलेली हाडं नाहीत. ती फुटून टोकदार होतात.

एखाद्या दिवशी लाड करायचेच असतील तर उकडलेलं अंडं द्या. सहा ग्रॅम उत्तम प्रोटीन, सत्तर कॅलरी, आणि शेपूट किती जोरात हलते ते बघाच.

तर मंडळी, आज रात्री एवढंच करा: घरातलं पाकीट उलटं करा, हजार कॅलरींचा भाव काढा आणि कुत्र्याचं वजन करा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकटं उभं राहायचं आणि वजाबाकी. हिशोबात कुठे अडलात तर चारही आकडे व्हॉइस मेसेजवर पाठवा. पुढच्या भागात नसबंदी आणि लसीकरणाचा खर्च कुठे कमी होऊ शकतो ते बघू. तोपर्यंत कुणाच्या घरी तीन-चार भुभू असतील तर हा भाग त्यांना फॉरवर्ड करा. भेटूया!